पहिल्या माळेची रताळी

पहिला मी चपलेनं मारला. आईच्या परसात, मिरचीच्या रोपाखाली, भर दुपारी. इतका निर्ढावलेला, की मी समोर उभी असून त्याचं कुरतडणं थांबेना. चप्पल काढली आणि हाणली. पाठीत बसली, तो उलटा होऊन पाय झाडायला लागला. मग दुसरी हाणली, तिसरी हाणली. तो कधीच मेला होता, तरी मी हाणतच राहिले. शेवटी आईनं मागून येऊन माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बस झालं माय. चप्पल तुटंल."

माझं डोकं लवकर तापतं. हिंगोलीत माझं शिवणकामाचं दुकान आहे, आणि सणाच्या आदल्या दिवशी ब्लाऊजपीस टाकून "आजच पायजे" म्हणणाऱ्या बाईला मी कापडासकट पायऱ्या उतरवलेलं आहे. बाईचा हात गोड पण तोंड कडू, असं गिऱ्हाइकं माझ्या माघारी बोलतात. बोलू देत. हे डोकं मला आईकडून आलं, आणि त्या वर्षी आईचं डोकं उंदरांनी फिरवलं होतं.

आई गावात एकटी राहायची. हट्ट्याला एसटीतून उतरलं की तिथून ऑटोनं आमचं गाव. वडील गेल्यावर शेत बटईनं दिलं, घरामागचं परस मात्र तिनं कुणाला दिलं नाही. लांबुळकं परस, तिन्ही बाजूंनी मातीची भिंत. त्यात मिरच्या, वांगी, वालाचे वेल, आणि सगळ्यात मागं रताळ्याचा वाफा. तो वाफा म्हणजे आईचा जीव. घट बसायच्या दिवशी, पहिल्या माळेला, गल्लीतल्या प्रत्येक घरात आईची रताळी जायची. सासू झाल्यावर सुरू केलेलं नाही हे, सून असल्यापासूनचं. गल्लीच्या टोकाला एका बौद्ध मास्तरांचं घर आहे. त्यांच्यात घट नाही, उपास नाही, तरी पहिली ओंजळ त्यांच्या घरी जायची, कारण मास्तरांच्या बायकोनं एकदा आईला तापात सांभाळलं होतं. त्या दिवशी गल्लीत फिरलं की चुलीचुलीवर आईची रताळी उकडत असायची आणि आई नुसती हिंडायची, कुठं टेकायची नाही.

तर त्या वर्षी उंदरांनी त्या वाफ्याला तोंड लावलं.

आता यात एक भानगड होती. आमच्याकडं उंदरांबद्दल उंदरांसमोर बोलत नाहीत. त्यांना कळतं म्हणतात. औषध आणलंय, पिंजरा आणलाय, असं घरात बोललं की ते औषधाला शिवत नाहीत, उलट रागानं लुगडी कुरतडतात. हसू नका, आमच्या गावात शिकलेली माणसंसुद्धा हे पाळतात. आई तर त्यांचं नावच घ्यायची नाही. "ते" म्हणायची. "ते आले होते रात्री." काही ठरवायचं असलं की ती आम्हाला परसातून, घरातून बाहेर काढायची, रस्ता ओलांडून हापशापाशी न्यायची आणि तिथं बोलायची. आणि तिथंही हळू.

पण आईला ऐकू यायचं नाही. डावा कान पार गेलेला, उजवा अर्धा. तिच्याशी बोलायचं म्हणजे बोंबलावं लागायचं. आता सांगा, जिला बोंबलून सांगावं लागतं तिच्याशी कुजबुजायचं कसं? मी हापशावर तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचे, "आई, पिंजरा आणलाय." ती म्हणायची, "आं?" मी जरा मोठ्यानं म्हणायचे. ती तोंडावर बोट ठेवायची. मग मी कपाळावर हात मारून घ्यायचे आणि ती "व्हय व्हय" करून मान हलवायची. आईला ऐकू आलं नाही तरी ती मान हलवायची. बहिरी म्हटलेलं तिला सहन व्हायचं नाही.

पिंजरा मी हिंगोलीच्या बाजारातून आणला होता. आत भजं अडकवायचं. पहिल्याच दिवशी एक सापडला, जाडजूड. आईनं बादली भरून ठेवलीच होती. पिंजऱ्यासकट बुडवायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत तोंड फिरवायचं नाही, हा तिचा नियम. "मारायचं तर बघून मारावं," म्हणायची. तो आतल्या तारांना दातांनी धरून वर वर येत राहिला. त्याचे डोळे माझ्याकडं होते. मी पिंजरा दाबून धरला, पाणी माझ्या कोपरापर्यंत उडालं, आणि मला वाईट वाटलं नाही. खरं सांगते, बरं वाटलं. त्या आठवड्यात त्यानं आईची चांगली बोटाएवढी रताळी पोखरून टाकली होती.

पुढं मात्र ते पिंजऱ्याकडं फिरकेनात. आईनं माझ्यावरच खापर फोडलं. "तू बोलली असशील."

"मी कुठं बोलले?"

"आं?"

"मी म्हटलं, मी कुठं बोलले!"

"हे बघ. बोलूनच राहिली."

मग एका रविवारी आम्ही धुरी दिली. बिळांची तोंडं दगडमातीनं बुजवली, दोन टोकांची दोनच मोकळी ठेवली. एका तोंडाशी फुटक्या माठात गोवऱ्या पेटवून वर वाळल्या मिरच्या टाकल्या आणि सुपानं वारा घालत धूर आत ढकलला. सगळी गल्ली ठसकायला लागली. भिंतीपलीकडची शेजारीण ओरडली, "काकू, काय मारून टाकता का आमाला!" आईला काही ऐकू आलं नाही. तिची नजर दुसऱ्या तोंडावर होती. पहिला बाहेर आला तो आंधळा होऊन आला, आईनं दांडकं असं घातलं की तो तिथंच मातीत रुतला. मग एकामागून एक. मी उजवीकडं, आई डावीकडं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात चाललेले. माझ्या तोंडून शिव्या निघत होत्या, ज्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं.

बीळ उकरल्यावर तळाशी पिल्लं निघाली. गुलाबी, डोळे न उघडलेली, आईच्याच जुन्या लुगड्याच्या चिंध्यांत. आईनं खुरप्यानं ती चिंधीसकट उचलली आणि भिंतीवरून शेजारणीच्या कोंबड्यांत टाकली. कोंबड्या तुटून पडल्या. मी तिथंच वालाच्या वेलाखाली बसून ओकले.

"शहराचं पाणी लागलं तुला," आई म्हणाली आणि खुरपं मातीत पुसलं.

तरी वाफा उकरलेलाच सापडायचा. मग कळलं, हे उंदरांचं काम नाही, घूस आहे. भिंतीच्या बुडाशी तिनं डोकं जाईल एवढं भगदाड पाडलं होतं. श्रावणात एका दुपारी मी त्या भगदाडात पाणी सोडलं. आई वर पहार घेऊन उभी. बराच वेळ पाणी नुसतं मुरत राहिलं. मी वाकून बघायला गेले आणि ती निघाली. मांजराएवढी. माझ्या पायावरूनच गेली, पदर दातांत धरला आणि सोडेना. मी किंचाळले, गरगर फिरले, पदराबरोबर ती फिरली, मिरचीची रोपं आडवी झाली. आई ओरडली, "उभी राहा! उभी राहा म्हणते ना भवाने!" मी उभी राहिले. आईनं दोन्ही हातांनी पहार उचलली आणि घुशीच्या मधोमध घातली. पहार आरपार जमिनीत गेली. घूस लेकरासारखी ओरडली. आई पहारीवर सगळा भार देऊन उभी राहिली, ओरडणं थांबेपर्यंत. तिच्या हातांवर, लुगड्यावर, वालाच्या पानांवर रक्त उडालं होतं आणि माझा फाटका पदर अजून त्या दातांत होता.

आणि नेमका त्याच वेळी माझा भाऊ परसाच्या कवाडात येऊन उभा राहिला.

भाऊ माझ्याहून धाकटा, परभणीला नोकरीला. स्वभावानं इतका मऊ, की घरात झुरळ निघालं तर बायकोला हाक मारतो. त्यानं आईचे हात बघितले, जमिनीत रोवलेली पहार बघितली आणि मटकन पायरीवर बसला.

"आई, तुझं वय काय, तू करून काय राहिली?" तो मोठ्यानं म्हणाला. "उद्या पाय घसरला, ती पहार तुझ्याच पायात गेली, तर इथं कोण हाय बघायला? चल माझ्याकडं. पुरे झालं आता."

हे त्याचं नेहमीचं होतं. पण त्या दिवशी आईचं रक्त चढलेलं होतं. तिनं पहार उपसली आणि म्हणाली, "पहिल्या माळेला माझी रताळी गल्लीत गेली न्हाईत, तर त्या दिशी मी आपल्या पायानं तुझ्या गाडीत बसन. गेली, तर पुन्हा हे नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," भाऊ म्हणाला.

मी म्हटलं, "आई, असलं काही बोलू नको." तिनं मान हलवली. तिला ऐकू गेलं नव्हतं, आणि गेलं असतं तरी तिनं शब्द मागं घेतला नसता. आईचा शब्द म्हणजे शब्द. आता तो वाफा नुसता वाफा राहिला नव्हता. आईनं त्या घरात राहायचं की नाही, हे त्या मातीखाली ठरणार होतं. घूस गेली तरी उंदीर होतेच, मला झोप लागेना. दुकान बंद करून मी दर आठवड्याला गावाला जायला लागले, दांडकं घेऊन वाफ्याच्या कडेला बसायला लागले.

आणि भाद्रपद सरता सरता एकदम सगळं शांत झालं. वाफा उकरलेला दिसेना. लेंड्या दिसेनात. आई फोनवर सांगायची, कारण फोनवर ती फक्त सांगायची, ऐकायची नाही, "ते गेले. घुशीचं झालेलं बघितलं ना त्यायनं, घाबरून गेले." मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला फुकट फॉल लावून दिला.

घट बसायच्या दिवशी सकाळी मी एसटीनं निघाले. जवळा बाजार गाव मागं पडलं असेल, तेव्हा भावाचा फोन आला.

"आक्का, तू कुठं आहेस? आईला सांग, रताळ्याच्या वाफ्याला हात लावू नको म्हणावं. मीच येऊन काढतो. सकाळीच येणार होतो, पण ऑफिसात अडकलो."

"काहून?"

"औषध ठेवलंय मी त्यात."

मी एसटीत उभीच राहिले. "काय म्हणालास?"

मग त्यानं सांगितलं. आईनं हरावं असं त्याला वाटतच नव्हतं. पहारीला लोंबकळलेली आई त्याच्या डोळ्यांपुढून जाईना, आणि ती गाडीत मान खाली घालून बसलेली तर त्याला त्याहून बघवेना. म्हणून तो मध्येच एक दिवस गावाला जाऊन आला. उंदरांना रताळ्याचीच चटक लागलीय, तर रताळ्यातूनच द्यावं, म्हणून त्यानं रताळी खाचून त्यात उंदराच्या औषधाची काळी पूड भरली आणि वाफ्यात बिळाबिळाच्या तोंडी पुरून ठेवली. रक्त नाही, आरडाओरडा नाही. त्याच्यासारखंच काम.

"आणि आईला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! हापशावर नेऊन सांगितलं. तिथं पाण्याला बाया होत्या, मग कानात सांगितलं. तिनं मान हलवली."

माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहीत नाही. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. मी भावाचा फोन तोडला आणि आईला लावला.

"आई, रताळ्याला हात लावू नको! आई, ऐक! हात लावू नको!" अख्खी एसटी माझ्याकडं बघायला लागली.

"व्हय व्हय," आई पलीकडून म्हणाली. तिचा आवाज इतका खुशीत होता. "वाटून झाली बी. सगळ्या गल्लीत गेली. ये तू लवकर."

हट्ट्याला उतरून ऑटोवाल्याला मी काय सांगितलं आठवत नाही. तो खड्डे न बघता पळवत होता. गल्लीच्या तोंडाशी उडी मारली आणि पहिल्या घरात घुसले. चुलीवर भगुनं रटरटत होतं. मी पदरानं धरून ते उचललं आणि अंगणात उपडं केलं. उकळतं पाणी पायावर आलं, कळलं नाही. घरातली बाई धावत आली, "अगं, डोकं फिरलं व्हय तुझं? उपासाचं हाय ते!"

"विष हाय त्यात! कुणी खाल्लं का? सांग, कुणी खाल्लं?"

दुसऱ्या घरात ताट पुढ्यात घेऊन म्हातारे आजोबा बसलेले. त्यांच्या तोंडात घास होता. मी त्यांच्या गालफडात बोटं घातली आणि घास ओढून काढला. त्यांच्या सुनेनं माझ्या दंडाला धरून भिंतीवर ढकललं, माझं डोकं आपटलं. मी ताट लाथेनं उडवलं. तिसऱ्या घरात कडी लावली होती, मी कवाडावर लाथा घातल्या. कुणाच्या हातातून हिसकावलं, कुणाच्या देवापुढचं उचललं. मास्तरांच्या बायकोनं मात्र काही न विचारता मुकाट टोपलं पुढं केलं आणि म्हणाली, "आमी अजून शिजवली न्हाईत, माय. तू पुढं जा." दुसरीकडं कुणी सोललेली होती, कुणी खाल्लीही होती. त्यांना ऑटोत घाला, दवाखान्यात न्या, असं मी बोंबलत होते. माझ्या मागून बाया येत होत्या, कुणी शिव्या देत, कुणी रडत. मी प्रत्येक घरातलं गोळा करून पदरात, मग टोपल्यात टाकत होते. एकही घर सोडलं नाही.

टोपलं घेऊन घरी आले. आईच्या देवघरात घट बसलेला होता, पहिली माळ चढलेली. आणि घरात लसणाचा वास येत होता.

मी दारातच थांबले. नवरात्रात आईच्या घरी लसूण उंबऱ्याच्या आत येत नाही. हा वास मला ओळखीचा होता. वडील असताना धान्याच्या गोदामात हेच उंदराचं औषध ठेवायचे, तेव्हा असाच वास सुटायचा.

आई चुलीपुढं बसली होती. पुढ्यात ताटली, ताटलीत उकडलेल्या रताळ्यांचे तुकडे. कडा कापून काढलेल्या. एक तुकडा तिच्या हातात, तोंडाकडं निघालेला.

मी आईच्या हातावर मारलं. जन्मात पहिल्यांदा. इतक्या जोरात मारलं की तुकडा भिंतीवर जाऊन चिकटला आणि माझ्या बांगड्या फुटून तिच्या मनगटात घुसल्या. ताटली चुलीत गेली. आई माझ्याकडं बघतच राहिली. तिला वाटलं, मला वेड लागलं.

"आई, औषध हाय! रताळ्यात औषध हाय! उंदराचं औषध!" मी घरात, भर घरात, नरडं फाटेस्तोवर ओरडले.

तिला ऐकू गेलं. ती म्हणाली, "गल्लीत?"

"आणली. सगळी आणली परत."

तिनं माझ्या टोपल्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मी दोन तुकडे खाल्ले." आणि तिथंच पोट धरून वाकली.

शेजारणीच्या पोरानं गाडी काढली, आईला आडवं घेऊन मी मागच्या सीटवर बसले. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती माझ्या मांडीवर ओकत होती. त्यांनी नळी घालून पोट धुतलं. मी दाराबाहेर भिंतीला डोकं लावून उभी होते. भाऊ आला तेव्हा मी त्याची कॉलर धरली आणि दोन थोबाडीत ठेवल्या. तो हलला नाही. मारून झाल्यावर माझ्याच गळ्यात पडून रडायला लागला, आणि मग मला त्याला धरूनच उभं राहावं लागलं.

आई वाचली. गल्लीतल्या कुणालाही काहीही झालं नाही. आईनंच ते नंतर सांगितलं, जरा बसायला लागल्यावर. तिनं वाफा खणताना चावलेली, खाचलेली, काळी पडलेली सगळी रताळी वेगळी काढली होती. "उष्टं मी लोकायला उपासाला देईन व्हय?" म्हणाली. गल्लीत गेली ती निवडून, धुऊन, अख्खी. स्वतःला एकही चांगलं ठेवलं नव्हतं. उरलेल्यांची चावलेली बाजू कापून टाकून ती तिनं स्वतःसाठी शिजवली. डॉक्टर म्हणाले, तरी परत आणलीत ते बरंच केलंत, त्याच मातीतली होती ती. डॉक्टरांचं बरोबर होतं. पण आईची चांगली रताळी विष म्हणून घराघरातून मीच ओढून आणली होती, त्या टोचणीला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

सुट्टी मिळाल्यावर भावानं तिला गाडीत घालून गावाला आणलं. परभणीला नाही. "आई, तू जिंकलीस," तो तिच्या कानाशी ओरडून म्हणाला. "रताळी गेली होती गल्लीत. आता तू इथंच राहा. मी पुन्हा नाव काढणार नाही." आईनं मान हलवली. या वेळी तिला ऐकू गेलं होतं, तिच्या तोंडावरून कळत होतं.

गल्ली वाईट वागली नाही. मला शिव्या देणाऱ्या बायासुद्धा येऊन आईच्या तब्येतीचं विचारून गेल्या. माझ्या भाजलेल्या पायाला कुणी मलम दिलं. पलीकडच्या शेजारणीनं डब्यातून वरणभात आणला, आईला मऊ खायला. आई जेवली. मग तिनं डबा घासला आणि उठली. आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ती परसात गेली, वालाच्या कोवळ्या शेंगा तोडल्या, ओचा भरून आणल्या, आणि डब्यात भरायला लागली.

शेजारणीनं डब्यावर हात ठेवला.

"राहू द्या काकू," ती हसून म्हणाली. "घरात लई भाजी पडलीय. कालच बाजार केला." डबा तिनं हळूच ओढून घेतला, झाकण लावलं, आईच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला आणि गेली. तिच्या घरात लेकरं आहेत. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि तरी त्या क्षणी मला तिला केसांना धरून परत ओढावंसं वाटलं.

आई तिथंच उभी राहिली, शेंगा ओच्यात तशाच. मग ती आत गेली. बसलेला घट हलवत नाहीत, तरी तिनं देवघरातला घट मास्तरांच्या शेजारच्या घरी, माळ चुकू नये म्हणून, पोचता करायला मला सांगितलं. लुगड्यांची घडी घातली. चूल विझवली. भावाला वाटलं ती झोपायची तयारी करतेय. ती पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा तो घाबरून उभा राहिला.

"आई, काय करतेस? राहा म्हटलं ना मी. खरंच राहा. तुला कोण चल म्हणून राहिलं?"

आई गाडीपाशी गेली. दार तिला उघडता येईना, मी उघडून दिलं. ती आपल्या पायानं आत बसली, पिशवी मांडीवर घेतली.

"आई, अगं काहून जातेस?" मी तिच्या कानाशी ओरडले. "वाफा लावू की पुन्हा. मी येते दर रविवारी. आपण दोघी मिळून लावू."

"लावशील गं," ती म्हणाली. "पण आता माझ्या हातचं कोण खाईल?"

 मी तिच्या पदराचं टोक आत घेतलं आणि दार लावलं.